पान चौऱ्याण्णव

छत्तीस वर्षं मी नोटा तपासल्या,
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, ट्यूबलाइटखाली.
एकीसारखी दुसरी. नसेल ती बाजूला,
आणि बाजूला काढलेलीचा संध्याकाळी भुगा.
शाई अर्ध्या केसाएवढी सरकली
की बोट आपोआप थांबायचं.
अजून थांबतं. लग्नपत्रिकेवरसुद्धा.

म्हणूनही असेल,
घरी मला एकाच पुस्तकाच्या
सगळ्या चुका हव्यात.

‘तांबड्या दीपगृहाचा पहारा.’
मुलांसाठी साहसकथा, किंमत बारा आणे.
पहिल्या आवृत्तीत गलबताला तीन शिडं,
दुसरीत दोनच. ब्लॉक झिजला असेल,
किंवा चित्रकाराचे पैसे कापले असतील.
तिसरीत पोरांना बेलबॉटम आल्या
आणि खडकावर एक माणूस ट्रान्झिस्टर घेऊन बसला,
ज्याचा गोष्टीत कुठंच पत्ता नाही.
चौथीत बांधणाऱ्याची डुलकी :
अठ्ठेचाळिसाव्या पानानंतर पुन्हा तेहतिसावं,
चाचे दोनदा येतात, दोनदा मार खातात.
तापात पडलो की मी हीच वाचतो.

बायको म्हणते, चार वेळा तेच!
मी म्हणतो, तेच नाही.
ती म्हणते, बरं, चार वेळा वेगळं,
पण कपाट एकच आहे.

भद्रकालीत निसारभाई रद्दी घेतो किलोवर
आणि मला देतो नगावर.
आधी माझा चेहरा बघून भाव सांगायचा.
मी चेहरा कोरा ठेवायला शिकलो,
तर आता हात बघतो.

पहिली आवृत्ती त्याच्याकडचीच,
सराफ बाजारातल्या कुणाच्या फडताळात
गोदेच्या पुरात उभी राहिलेली.
प्रत्येक पानावर, तळापासून चार बोटं,
तपकिरी रेघ.
प्रेसमध्ये वॉटरमार्क बघायला
कागद उजेडापुढे धरावा लागे.
हा अंधारातसुद्धा बोटाला लागतो,
आणि याची नक्कल कुणाच्या बापाला जमायची नाही.

त्याच प्रतीत, पान चौऱ्याण्णव.
खंड्या बुडतो.
खंड्या म्हणजे पोरांचा कुत्रा, एक कान तुटका.
लेखकानं दोन ओळींत उरकलंय त्याला,
तिसऱ्या ओळीला पोरं खजिन्याकडे निघालीसुद्धा.
समासात मात्र पेन्सिल, दाबून दाबून :
*खंड्या मेला नाही. तो पोहत येतो.
कु. हेमलता दामोदर क्षेमकल्याणी, सहावी ब.*

आणि तिसरी आवृत्ती उघडा.
तेच पान, तीच जागा,
पण टाइप किंचित बारीक, ओळी दाटीवाटीनं कोंबलेल्या.
बोट थांबलंच माझं :
‘इतक्यात ओलाचिंब खंड्या खडकावर चढला
आणि त्यानं सगळ्यांच्या अंगावर पाणी झाडलं.’

कोण सांगायला गेलं होतं त्यांना?
पोस्टकार्ड टाकलं असेल का हिनं?
की गावोगावच्या सहावी ब मध्ये
एकेक हेमलता बसली होती, पेन्सिल चावत?
टेलिफोनच्या जुन्या यादीत
क्षेमकल्याणी सतरा निघाले.
मी एकालाही फोन केला नाही.
काय विचारणार होतो?

परवा बुधवारच्या बाजारात, गोदाघाटावर,
मेथीच्या ढिगाला लागून एक बाई
कुलपं, चिमटे, बिनकाट्याची घड्याळं मांडून बसलेली.
घड्याळांखाली, ओल लागू नये म्हणून पसरलेली, पाचवी आवृत्ती.
ही निघाली होती हेच मला माहीत नव्हतं.
बाईनं वीस रुपये मागितले.
मी घासाघीस विसरलो.

तिथंच, पायरीवर बसून, पान चौऱ्याण्णव.
बुडाला.
पुन्हा बुडाला.
प्रकाशकाच्या मुलानं कुठली तरी जुनी प्रत
डोळे मिटून छापायला दिली असणार.

छत्तीस वर्षं
कागदावर खूण करायची मला मनाई होती.
आत जाताना दारावर खिसे तपासत,
पेन्सिलीचा तुकडासुद्धा बाहेर ठेवावा लागे.

भाजीचा हिशेब करणाऱ्या पोराकडून मागून घेतली.
टोक नव्हतं. दाबून लिहावं लागलं.
*पाहा : आवृत्ती तिसरी.
येतो पोहत.*