कार्ड नंबर तीन

माझ्याकडे चार कार्डं आहेत.
पाठीवर नेलपॉलिशनं आकडे घातलेत,
बायकोचीच बाटली, डाळिंबी.
एक आणि दोन लग्नांना, चार शाळांना.
तीन नंबर अडीनडीला.
त्याच्या कडेला दाताची खूण आहे,
दोन्ही हात कॅमेऱ्याला असले की कार्ड तोंडातच धरावं लागतं.

कडोलीत गल्लीच्या तोंडाशी माझा स्टुडिओ.
बोर्डावर मोठ्ठं कन्नड, खाली बारकं मराठी.
पेंटरनं जुनं न खरवडताच रंग मारला,
म्हणून चारच्या तिरप्या उन्हात
खालची अक्षरं वर येतात,
गिऱ्हाईक डोळे बारीक करून दोन्ही वाचतं.

सराईत रात्री दीडला घरी येतो.
आधी पाय धुतो, मग कार्ड लावतो.
हळद, अक्षता, मामाची रुसवी नजर,
निळी पट्टी सरकत शंभरावर जाते.
मोजून बघतो. मग मेनू. मग फॉरमॅट.
सगळं जाईल, चालेल? कॅमेरा इंग्रजीत विचारतो.
त्याला मराठी येत नाही, कन्नडही नाही.
चालेल म्हणतो.
तीन सेकंदांत अख्खं लग्न मांडवाबाहेर.

सोमवारी यल्लूबाईचा भरमा आला.
चपला काढून उंबऱ्यातच उभा.
"आई गेली रे. फोटो पाहिजे होता."
घरात आधारचा तेवढा,
त्यात ती कुणाचीच आई दिसत नाही.
"सिद्रायच्या पोरीच्या लग्नात तू काढूलतास की."

काढला होता. भाताच्या पिंपामागं.
पण डिस्कवर मी निवडलेले सहाशेच ठेवतो.
डोळे मिटलेत म्हणून तिला मीच वगळलं होतं.
हे त्याला सांगितलं नाही.
बघतो, म्हणालो.

फॉरमॅटनं काही पुसलं जात नाही तसं.
यादी तेवढी फाटते.
तलाठ्याच्या वहीतलं पान गेल्यासारखं:
जमीन तिथंच, बांध तिथंच, विहीर तिथंच,
कुणाची ते सांगणारं कुणी नाही.
मग दुसरा येतो, नांगर घालतो.
जेवढं नांगरलं
तेवढं मात्र खरंच गेलं.

आणि तीन नंबरवर मी
हलग्याच्या शाळेचं गॅदरिंग घातलं होतं.

रात्रभर सॉफ्टवेअर चाललं.
पहाटे दुधाची गाडी गेली तेव्हा
फाइली वर यायला लागल्या, नावं नसलेल्या, नुसते आकडे.
एका पोराच्या पुठ्ठ्याच्या तलवारीखाली
भलत्याच नवरीचा चुडा.
चारशे बारावी यल्लूबाई.
कपाळ, कुंकू, मागं पिंपावर
देणगीदाराचं नाव कन्नडमध्ये.
डोळे मिटलेले नव्हते.
मला चुकीचं आठवत होतं.
कुणाला तरी ओळखून ती हसायच्या बेतात होती.
नाकाखाली सगळं राखाडी.

भरमा खुर्ची न घेता बघत राहिला.
"तोंड न्हाई?"
न्हाई.
"असू दे. पदर धरायची ती तोंडावर कायम."
मग बोटानं राखाडीवर चौकोन काढला.
"इथं हिरवा भर. इरकलीचा वाटंल."
पैसे विचारले. मी मान हलवली.
तरी पन्नासाची नोट माउसखाली ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी उचगावात सहाची हळद.
एक आणि दोन भरलेली, चार पुतण्याकडे.
तीन नंबर हातात घेऊन उभा राहिलो.
सगळं जाईल, चालेल?
बराच वेळ.
मग चालेल म्हटलं, दुसरं काय म्हणणार.

पहिला फोटो चाचणीचा असतो, कुणाचाही.
बायको चहाचे कप घेऊन दारात.
डोळे मिटलेले आले.
एरवी तिथंच पुसला असता.
गाडीनं हॉर्न दिला.