हातचा

सप्टेंबरची पाच तारीख.
वहीच्या शेवटच्या पानावर रकाने आखते:
नाव, तास, ठरले, आले, बाकी.
'बाकी'चा रकाना मी थोडा रुंदच ठेवते.
अनुभव.

सव्वाचारला पंडित कॉलनी, साडेपाचला गंगापूर रोड,
सातला सिडको, जिथं लिफ्ट बंद असते
आणि निकुंभांची शाल्मली चौथ्या मजल्यावर
वर्गसमीकरणाशी भांडत बसलेली असते.
तिची आई एक तारखेलाच फी देते,
पोह्यांच्या बशीखाली दुमडून,
आणि म्हणते, मोजून घ्या हं.
मी मोजत नाही.
जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर थांबून मोजते.

गंगापूर रोडवाल्यांचं आडनावच पगार.
फाटकावर पितळी अक्षरांत पगार,
आणि जूनपासून त्या घरातून पगार नाही.
हा विनोद मी कुणाला सांगत नाही,
एकटीच हसून घेते, कुत्रा बांधेपर्यंत.
मग चहा येतो, काजू येतात.
ईशानची आई म्हणते, 'तुम्ही काय, घरच्याच!'
घरच्यांना कोण पैसे देतं?

परवा रात्री मेसेज लिहायला बसले.
'नमस्कार. जून, जुलै, ऑगस्टची फी'
फी खोडलं. हिशोब लिहिलं.
हिशोब म्हणजे भांडायला आल्यासारखं. खोडलं.
'सहज आठवण म्हणून.' बरं वाटलं.
'सवडीनं.' खोडलं. पुन्हा लिहिलं.
शेवटी जोडलेले दोन हात टाकले
आणि मोबाईल उपडा ठेवला,
जणू मीच कुणाचं काही उचलून आणलंय.
सकाळी दोन निळ्या खुणा.
बाकी काही नाही.

रविवारी नाशिकरोड. तिथं नोटा छापतात,
आणि गायधनी त्याच प्रेसमध्ये.
'दिवसभर कोऱ्या नोटांचा वास, मॅडम,
आणि घरी हे,' म्हणत देतात
मऊ पडलेल्या, घडीवर झिजलेल्या नोटा,
एकीला चिकटपट्टी. अर्धी आज,
अर्धी पंधरवड्यानं. आणि देतात, पंधरवड्यानं.
चिकटपट्टीची नोट भाजीवाली घेत नाही.
ती माझ्या वहीत आहे, खूण म्हणून.

पोरांना मी किती सहज सांगते:
सात आणि आठ पंधरा, पाच लिहा, हातचा एक.
हातचा विसरलात की सगळं चुकलं.
कुणी विचारत नाही
हा हातचा नेमका कुणाच्या हातात असतो.
जूनचा जुलैवर गेला, जुलैचा ऑगस्टवर,
मी नुसती वर छोटा आकडा लिहीत राहिले.

आज ईशानला सरळव्याज होतं.
उदाहरण तोंडात आलं तसं घातलं:
मुद्दल तेरा हजार पाचशे, मुदत तीन महिने.
'दर?' त्यानं विचारलं.
'शून्य.'
'मग व्याज कसलं, टीचर?'
आणि पेन्सिल थांबली.
आठवीतला मुलगा. साडेचार त्रिक किती, त्याला येतं.
कान लाल झाले. त्याचे की माझे,
आता नक्की सांगता येणार नाही.
'खोड ते,' मी म्हटलं, 'दुसरं घेऊ.'
त्यानं खोडलं, फुंकर मारली, पान आडवं धरलं.
आकडा उजेडात तसाच उमटलेला.

निघताना त्यानं गुलाब दिला, एक पेन दिलं.
शिक्षक दिन. मी विसरलेच होते.

अशोक स्तंभाच्या सिग्नलला खिशात थरथरलं.
पाच हजार जमा.
खाली दोन शब्द: 'बाकी सवडीनं.'
माझाच शब्द, जसाच्या तसा परत.
तो घरात काही बोलला का,
मी विचारणार नाही. तोही सांगणार नाही.

रात्री नव्या पेनानं रकाना भरते.
छान चालतं, शाई अडकत नाही.
आले पाच हजार.
बाकी आठ हजार पाचशे,
आणि ऑक्टोबरच्या कोऱ्या पानावर, वर, कोपऱ्यात,
छोटासा हातचा.