वर म्हणजे किती

दुकानात जाण्याआधी मी घर मोजलं.
न्हाणीघराचं दार अठ्ठावीस इंच,
बिजागरीची बाजू सोडली तर सव्वासव्वीस.
पुढं बोळातलं वळण, जिथं आमचं कपाटसुद्धा
आत येताना भिंतीशी भांडलं होतं.
टेपचं दुसरं टोक अर्वोनं धरलं, बसल्या जागेवरून.
डावा पाय स्टुलावर,
स्टुलावर उशी, उशीवर टॉवेल,
टॉवेलवर तो, ताणून चकचकीत झालेला.
बोटानं दाबलं की खळगा पडतो
आणि बराच वेळ तसाच राहतो,
बर्फातल्या पावलासारखा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या,
लोंबकळू देऊ नका, पाय वर हवा.
यानं विचारलं, वर म्हणजे किती फूट?
त्यांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

सत्तावीस वर्षं डुलुथच्या कालव्यावरचा पूल
वर घेणं आणि खाली सोडणं, एवढंच याचं काम.
जहाज भोंगा द्यायचं, हा भोंग्यानं उत्तर द्यायचा,
आणि लोखंडी रस्ता अख्खाच्या अख्खा
आडवा, न कलंडता, आभाळात निघायचा.
अलीकडे मोटारी खोळंबलेल्या, पलीकडे मोटारी.
त्यातल्या एकीत कितीदा तरी मी,
मांडीवर वितळणारं आइस्क्रीम,
याला शिव्या घालत.

दुकानातला पोरगा ड्वेन. दाढी कोवळी, माहिती पक्की.
पहिली खुर्ची हलकी, एका हातानं उचलावी अशी,
पण तिचं पायदान हट्टी. आहे तिथंच राहणार.
दुसरीचं उचलतं, पोटरीला गादीही आहे,
विमा कंपनी हिला नाही म्हणणार नाही.
पाय सरळ केला तर केवढी लांब झाली खुर्ची!
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
इथं अंथरूण पुष्कळ होतं, बोळच तोकडा.
तिची कळ मात्र खाली, पायदानाच्या कडेला.
अर्वो वाकला. पोचला नाही.
परत वाकला.
ती मदतनीसासाठी असते, ड्वेन म्हणाला
माझ्याकडे बघून.
अर्वोनं कुणाकडेच बघितलं नाही.

तिसरी जड. डिकीत घालायची मीच,
वय एकाहत्तर, पाठ त्याहून म्हातारी.
किंमत पोरानं चिठ्ठीवर लिहिली
आणि पालथी करून सरकवली.
पण हिची दांडी वर आणलेली, हाताशी.
अर्वोनं तिच्यावर पंजा ठेवला,
आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे
(एकीकडे कुबड्या, दुसरीकडे कमोडच्या खुर्च्या,
वाहतूक बंद),
आणि पाय वर घ्यायला लागला.
निम्म्यावर थांबला.
अजून थोडं, ड्वेन म्हणाला.
शिडाच्या होडीला एवढं पुरतं, अर्वो म्हणाला.
पोरगा गोंधळून माझ्याकडे बघतोय, मी छताकडे.
बरं, आता खनिजाचं जहाज आलंय म्हण,
असं म्हणत यानं पाय पार वर नेला
आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा
नुसता बसून राहिला.

चिठ्ठी मी पालथीच ठेवली. पैसे दिले.

न्हाणीघराचं दार बिजागऱ्यांसकट काढलं, आता तिथं पडदा.
वळणावर भिंतीचा रंग रोज थोडा कमी होतो.
जेवायचा प्रश्न उरलाच. पाय टेबलाखाली जात नाही,
आणि टेबलावर पाय दिसला की
याची आई पळी फेकून मारायची,
ते अजून याच्या कानशिलात आहे.
म्हणून हा तिरका बसतो, ताट मांडीवरच्या फळीवर,
आणि पाय चुलीपासून भिंतीपर्यंत आडवा,
माझी वाट तोडून.
सरक म्हटलं की दांडीला हात घालतो.
घाई नाही. आधी डावीकडे बघतो, मग उजवीकडे,
मग तो पाय इंचाइंचानं, रीतसर, खाली.
तोवर मी सूपचं उकळतं पातेलं धरून
तशीच उभी,
शिव्या घालत.