अजून सात वर्षं

विकायचं ठरलं ते गुडघ्यांमुळं.
जिना चौदा पायऱ्यांचा, झोपायची खोली वर.
खाली झोपावं तर रमणमळ्यात
एकोणीस साली पंचगंगा घरात येऊन गेली,
एकवीस साली परत.
"सत्तरी झाली की विकू," हे म्हणाले,
आणि उद्यमनगरात चाळीस वर्षं लाकडी पॅटर्न केलेल्या माणसानं
कानामागची पेन्सिल काढून
कॅलेंडरच्या पाठीवर कामं लिहायला घेतली.

सात वर्षं आधी कोण लागतं तयारीला?
मी लागते.
घरफाळा विभागात सव्वीस वर्षं बसले,
खिडकीपलीकडची तोंडं बघितलीत:
गिऱ्हाईक दारात, इसाराचे पैसे मोजून झालेले,
आणि कागदावर अजून मेलेल्या चुलत्याचं नाव.
म्हणून आधी सिटी सर्व्हेचं ऑफिस.
प्रॉपर्टी कार्डावर सासरे, दत्ताजी.
वारस लावायचे राहिलेले. म्हणजे हे,
आणि पद्मजावन्सं,
ज्यांना आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं.

फोन केला, पोटात गोळा.
"सही देते की," त्या म्हणाल्या, "कुठं करायची सांग."
म्हटलं, हक्कसोड नकोय. हिस्सा तुमचा तुम्हाला.
मग बराच वेळ
फोनमधून त्यांच्या गडहिंग्लजच्या घरातला पंखा ऐकू येत राहिला.
"परसातली तगर मी लावलीय," शेवटी म्हणाल्या,
"ती घेणाऱ्याला सांगा."

न्हाणीचं दार बावीस वर्षं
खांद्यानं उचलून लावायचो.
केतकी नाशिकला तिच्या नव्या फ्लॅटात
अजून दारं उचलून लावते, जावई हसतात.
ह्यांनी एका दुपारी रंधा मारला, बिजागरी बदलली.
आता एका बोटानं लागतं.
पहिले आठ दिवस मी सवयीनं खांदा द्यायची
आणि तोल जाऊन बादलीवर.
"एका दुपारचं काम होतं," मी म्हटलं, "इतकी वर्षं का नाही केलंत?"
"घरात आपणच तर होतो," हे म्हणाले.

रंगाला सिकंदर जमादार आला.
दिवाणखान्यातल्या पुराच्या रेघेवरून बोट फिरवलं,
माझ्या छातीइतकी उंच.
"दोन हात पुट्टी, वर प्रायमर. कुणाच्या बापाला कळायचं नाही, ताई."
मला पटलं, खोटं कशाला बोलू.
हे काही बोलले नाहीत.
संध्याकाळी माळ्यावरनं सागवानाचा तुकडा काढला,
पॉलिश केला, साल कोरलं
आणि रंग वाळल्यावर
बरोबर त्याच उंचीवर भिंतीत ठोकला.
चार बोटं सोडून दुसरा.
"भाव पडेल," मी म्हटलं.
"पडू दे. फ्रिज कुठवर उचलायचा, ते तरी कळेल त्याला."

तेव्हापासून तो घरात आहे, 'तो'.
लिंबाचं रोप लावलं, नर्सरीवाला म्हणाला चार वर्षांनी धरेल,
तर हे म्हणाले, त्याला चांगलं.
टाकीचा व्हॉल्व्ह खाली घेतला. त्याला वाकायला नको.
कोण असेल?
त्याचं अजून लग्नही व्हायचं असेल.
आत्ता रंकाळ्याच्या कठड्यावर बसून
कुणाची तरी वाट बघत असेल,
किंवा ती असेल, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला,
आणि तिला माहीतही नसेल
की रमणमळ्यात एक म्हातारा
तिच्यासाठी मोरीचा उतार काढतोय.

यादीत सहावं काम होतं: जिन्याचं बटण.
वायरमननं पहिल्यापासून उलटं बसवलंय,
वर केलं की दिवा लागतो.
काल ह्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला तसं
मी कॅलेंडर उतरवून ती ओळ खोडली.
सगळंच त्याच्यासाठी नको.
अंधारात माझा हात
बरोबर वरच जातो.