ब. फ., कोळबाड

काठीच्या बुडाशी कोरलेलं: ब. फ.
खोपटच्या क्लबातला म्हातारा मार्कर म्हणाला,
बस्त्याव मेस्तरी. कोळबाडचा.
शवपेट्या करायचा, मधल्या दिवसांत क्यू.

त्याच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं.
मागच्या खोलीत सून. तिने वही काढली.
एकाच रकान्यात मापं:
पाच-सात, पाच-चार, चार-दहा, चार-दहा.
चार-दहा म्हणजे क्यू, मी म्हटलं.
सगळे नाहीत, ती म्हणाली,
हे सासूबाईंचं.

खेळायचे का?
छे. ढलपी उडून एक डोळा गेलेला.
म्हणत, बाक बघायला एक मिटावाच लागतो,
माझा मिटलेलाच आहे.

रात्री काठी डोळ्यासमोर धरली.
सरळ. फक्त बुडाजवळ
कुणाच्या तरी अंगठ्याचा खड्डा.
माझा त्यात बसत नाही.