ठिपके आणि रेघा

ट्रकमधून उतरल्या तेव्हा दोन जातींच्या होत्या पिवळ्या फरश्या,
एकीवर ठिपके, एकीवर रेघा.
तवटे मुकादम म्हणाला, पट्टा मधून घ्यायचा, फूटभर रुंद,
माटुंग्याच्या सर्कलपासून मार्केटच्या तोंडापर्यंत.
कशाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.
बिल चौरस मीटरवर निघतं, कशालावर नाही.

मी माझ्या अकलेनं नक्षी धरली.
तीन रेघांच्या, एक ठिपक्यांची,
तीन रेघांच्या, एक ठिपक्यांची,
आई सणाला उंबऱ्यापुढं काढायची तशी,
फक्त दोरी ताणून, लेव्हल लावून.
इब्बू म्हणाला, उस्ताद, पैठणीचा काठ!
मीही लांब उभा राहून बघितलं.
बघितलंच फक्त.

चौथ्या दिवशी, सकाळचे सव्वानऊ,
पांढरी काठी आली टकटक करत.
दोन पावलं चालली. थांबली.
काठी डावीकडं, काठी उजवीकडं, मान तिरकी.
पुन्हा दोन पावलं. थांबली.
इब्बूला हसू फुटलं. मलाही, खोटं कशाला बोलू.
सातव्यांदा थांबल्यावर बाईंनी विचारलं,
कुणा एकाला नाही, हवेलाच,
"इतके रस्ते कधी फुटले हो इथं?"

नेरूरकर बाई. सव्वीस वर्षं बँकेच्या टेलिफोनवर.
पर्स मांडीवर घेऊन उकिडव्या बसल्या माझ्यासमोर,
माझा हात धरला, सिमेंटनं उललेला,
रेघांवर ठेवला. "ही म्हणते, चल."
ठिपक्यांवर ठेवला. "ही म्हणते, थांब, पुढं काहीतरी आहे.
वळण असेल, उतार असेल, गाड्या असतील.
तुम्ही मला दर दोन पावलांवर घाबरवताय."

मी सातवी नापास.
वाचता न येणाऱ्या लिपीत
अख्ख्या फुटपाथभर खोटं लिहून ठेवलं होतं मी,
सुवाच्य अक्षरात.

आणि ती विजेची हिरवी पेटी?
पट्टा सरळ तिच्या पोटात शिरत होता.
नकाशात पट्टा सरळ होता, पेटी नव्हती.
"ती मला माहितीय," बाई म्हणाल्या,
"कॉफी दळल्याचा वास आला की उजवीकडं सरकायचं,
गजरेवाल्यांचं सांडलेलं पाणी लागलं की पुन्हा डावीकडं.
रविवारी सकाळी कॉफीवाला बंद असतो.
तेवढ्या दिवशी मी आंधळी."
आणि स्वतःच हसल्या, आम्ही दोघं सोडून.

मुकादम म्हणाला, काम पास झालंय, साहेबांनी फोटो नेलाय.
फोटोत खरंच छान दिसतं.

शनिवारी रात्री मी आणि इब्बूनं छिन्नी लावली.
ठिपके उपटले, रेघा भरल्या.
अकरा फरश्या फुटल्या, त्या हजेरीतून कापून गेल्या,
त्याचं घरी काही बोललो नाही.
पेटीपाशी पट्टा वाकवला,
वाकण्याआधी ठिपक्यांची एक ओळ, आडवी.
डोळे मिटून चपला काढून चालून बघितलं.
इब्बू म्हणाला, पोलीस धरतील.
तळव्याला आधी काहीच कळेना,
मग, रांगणाऱ्या पोराला कळतं तसं, हळूहळू.

सोमवारी बाई आल्या.
पट्ट्यावर एक स्कूटर आडवी लावलेली, कुणाची कोण जाणे.
तिला काठीनं ठोकून, वळसा घालून, पुन्हा रेघांवर.
पेटीपाशी थांबल्या, वळल्या,
जाता जाता पेटीच्या पाठीवर थाप मारली,
जशी गोठ्यातल्या म्हशीला.
मला काही बोलल्या नाहीत. मीही हाक मारली नाही.

मार्केटच्या तोंडाशी आमचा ठेका संपतो.
पुढं दुसऱ्याची हद्द, तिथं खडी, केळीवाला, उघडं गटार.
नकाशात तिथं काहीच दाखवलेलं नाही,
पट्टा आपला संपतो, बोलणं मध्येच तुटावं तसा.
उरलेल्या ठिपक्यांच्या फरश्या मी तिथं लावल्या,
दोन ओळी, या कडेपासून त्या कडेपर्यंत.
थांबा बाई.
इथून पुढं माझं अक्षर नाही.