सहावी खुंटी

खडेबाजारात, शहापूरच्या अंगाला माझं दुकान.
'धामणेकर, हार्मोनियम दुरुस्ती.'
पाटी दोनदा बदलली. अक्षरं कुठली, किती मोठी,
यावरून आमच्याकडे काचा फुटतात.
आत भाता मात्र
कुणाच्याही हातानं सारखाच श्वास घेतो.

दिवाळी सरली की समोरच्या फुटपाथावर
मुंडगोडहून स्वेटरवाले येतात.
त्यातली यांगझोम, कॅम्प नंबर सहा.
गिऱ्हाइकांशी कन्नडात घासाघीस,
माझ्याशी मराठीत:
"घ्या की ओ, धुतलं तरी आटत न्हाई."

एका संध्याकाळी तिनं शालीतून काढलं
लांब मानेचं, घोड्याच्या तोंडाचं वाद्य.
तारा सहा, खुंट्या पाच.
"बाबांचं. एक वाटेत पडली."
कुठल्या वाटेत, ते विचारलं नाही.
वाट म्हणजे धारवाड रोड असेल,
नाहीतर बर्फ.

अनगोळच्या एका मेलेल्या सतारीची
शिसवी खुंटी होती डब्यात.
तासली, खडू लावला, बसवली.
पैसे घेतले नाहीत. तिनं मोजे दिले,
अजून घालतो.

मग ती गायली, तिथंच, शटर अर्धं ओढून.
मला स्वर कळतात. चाळीस वर्षं तेच केलं.
पण तो आवाज वर जाऊन जिथं थांबला
ती जागा माझ्या एकाही पेटीत नाही.
काय म्हणतं गाणं?
"आमची नदी."
थोड्या वेळानं, लोकर झटकत:
"मी बघितलेली न्हाई."

यंदा ती उशिरा आली.
फोन पुढं धरला. कुठलंसं सभागृह,
तिबेटी संगीताचे पुरस्कार,
गळ्यात पांढरी खाता, आणि ती.
निवेदक पुष्कळ बोलला,
मला कळलं फक्त 'कर्नाटक'.
टाळ्या.
मी दोन बोटांनी चित्र ताणलं.
चेहरा नको होता मला.
पाच खुंट्या पिवळट. सहावी काळी.
शेजारच्या बोरगाव्याला हाक मारून दाखवली,
"कुठं काय?" म्हणाला तो, आणि चहा सांगितला.

ट्रॉफी आता स्वेटरांच्या ढिगात उभी आहे,
डोक्यावर पोराची लाल टोपी, नमुना म्हणून.
काल एका बाईनं भाव विचारला.
यांगझोम म्हणाली,
"टोपी शंभर.
खालचं विकायचं न्हाई."